सेवाधिष्ठित शालेय शिक्षण

शालेय अभ्यासक्रमातील ज्ञान आणि समाजाच्या प्रत्यक्ष गरजेसाठी केलेले काम यांची हेतुपूर्वक सांगड घालणारी शिक्षणपद्धती. या पद्धतीत विद्यार्थी आपल्या गावाची वा वस्तीची एखादी खरी गरज हेरतात, वर्गात शिकलेल्या विषयांच्या साहाय्याने ती भागविण्याचा प्रयत्न करतात आणि आलेल्या अनुभवाचा विचार करून आपले ज्ञान पुन्हा तपासून घेतात. गरज, काम आणि चिंतन ही या पद्धतीची तीन अंगे होत. गरज खरी नसेल, तर काम हा देखावा ठरतो. अभ्यासाशी संबंध नसेल, तर ती निव्वळ अंगमेहनत होते. आणि चिंतन नसेल, तर परोपकाराच्या समाधानापलीकडे विद्यार्थ्याच्या पदरी काही पडत नाही.

या अर्थाची इंग्रजी संज्ञा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६७ च्या सुमारास रूढ होऊ लागली. तिच्यामागे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांचा अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा विचार होता. ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे प्रयोगशाळा सुरू करून स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांसारख्या व्यवसायांभोवती शालेय विषयांची मांडणी केली. त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीची मांडणी केली. महाराष्ट्रात मात्र ही संज्ञा परिचित होण्यापूर्वी कित्येक दशके या विचाराचे प्रत्यक्ष प्रयोग झाले. त्यांचा इतिहास केवळ अध्यापनपद्धतीचा इतिहास नाही. श्रम कोणी करावयाचे आणि विद्या कोणी घ्यावयाची, या भारतीय समाजातील जुन्या प्रश्नाशी तो निगडित आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली रुजलेली शाळा प्रामुख्याने सरकारी नोकरीकडे नेणारी होती. शारीरिक श्रम हा तीतून सुटून जाण्याचा विषय मानला जाई. या शिक्षणावर मूलगामी टीका करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रणी होत. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. वाचन, लेखन, हिशेब यांबरोबरच शेती, आरोग्य व नीती यांचे प्राथमिक ज्ञान ग्रामीण शाळांतून दिले जावे, असे त्यांनी सुचविले. शक्य तो शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये, हा त्यांचा आग्रह होता. श्रमाविषयी संकोच बाळगणारा शिक्षक गावाशी समरस होऊ शकत नाही, हे या सूचनेतील मर्म होय. त्याचबरोबर फुले यांनी श्रमाला अक्षरज्ञानाचा पर्याय मानले नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलाला दोन्ही मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

सेवा व वेठ : शाळेतील श्रमाचा विचार करताना सेवा आणि वेठ यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचा पेण–अलिबाग परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पेण तालुक्यातील वडखळ येथे मुंबई–गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता फुटतो. या रस्त्यावरील पोयनाडच्या परिसरात चरी हे गाव आहे. तेथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे चालविला. पिकातील मोठा वाटा खोताला देऊन शिवाय त्याच्या घरची व शेतावरची कामे बिनमोबदला करावी लागणे, हे कुळांच्या गाऱ्हाण्यांचे मुख्य कारण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती पद्धती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. तत्पूर्वी १९२८ मध्ये महार वतनाच्या कायद्यात सुधारणा सुचविणारे विधेयकही त्यांनी आणले होते. त्या वतनाखाली महार समाजाकडून गावाची व सरकारची पडतील ती कामे अत्यल्प मोबदल्यात करून घेतली जात. जन्मामुळे माथी मारलेल्या कामाला सेवा हे नाव दिल्याने त्याचे स्वरूप पालटत नाही, हा या लढ्यांचा धडा होय. शाळेत सेवाकार्य आणू पाहणाऱ्या प्रत्येक योजनेला या कसोटीला उतरावे लागते.

याच पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण तेथेच गेले. पुढे शिक्षणासाठी ते बडोद्यास गेले व नंतर गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली. श्रम स्वेच्छेने व ज्ञानपूर्वक केल्यास ते शिक्षणाचे माध्यम होऊ शकतात, हा विचार शालेय क्षेत्रात मांडणाऱ्या प्रमुख व्यक्तींत त्यांची गणना होते.

नई तालीम : महात्मा गांधींनी १९३७ मध्ये आपल्या हरिजन पत्रातून प्राथमिक शिक्षणाची नवी कल्पना मांडली. तिचा विचार करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैयदैन, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् प्रभृतींचा समावेश होता. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सर्व विषयांची गुंफण ही समितीच्या योजनेची प्रमुख सूत्रे होती. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवण्यात आली होती. उद्योगाच्या अनुषंगाने गणित, भूगोल, विज्ञान व समाजशास्त्र शिकविण्याच्या या रीतीस ‘समवाय पद्धती’ असे म्हणतात. टकळीवर सूत काततानाच कापसाची जमीन, हवामान, सुताची लांबी व वजन, वस्त्रोद्योगाचा इतिहास हे सारे विद्यार्थ्यापुढे यावे, अशी अपेक्षा होती.

सेवाग्राम येथील शाळेत उद्योगाला सफाईची जोड मिळाली. परिसर व शौचकूप स्वच्छ करणे, मैल्याचे खत तयार करणे, सामुदायिक स्वयंपाक करणे ही कामे शिक्षक व विद्यार्थी आळीपाळीने करीत. जी कामे एका जातीवर लादली गेली होती, ती सर्वांनी केल्याने त्यांमागील कलंक पुसला जावा, हा त्यामागील सामाजिक हेतू होता. विनोबांनी स्वतः १९४६ च्या सुमारास पवनारनजीकच्या सुरगाव येथे दररोज जाऊन मैलासफाईचे काम दीर्घकाळ केले. योग, उद्योग व सहयोग ही शिक्षणाची तीन अंगे त्यांनी सांगितली. १९४५ मध्ये सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेनंतर नई तालीमचे क्षेत्र पूर्वप्राथमिक अवस्थेपासून प्रौढशिक्षणापर्यंत विस्तारले.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने निवडक केंद्रांवर मूलोद्योग शिक्षण सुरू केले. तथापि ही योजना सार्वत्रिक झाली नाही. विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, ही कल्पना वादग्रस्त ठरली. १९४४ च्या सार्जंट अहवालाने मूलोद्योगाचे तत्त्व स्वीकारले. परंतु शिक्षणाने आपला खर्च अशा विक्रीतून भागवावा, ही अपेक्षा अमान्य केली. मुलाचे उत्पादन हेच ध्येय झाल्यास शाळा व कारखाना यांतील सीमारेषा पुसली जाण्याचा धोका होता. दुसरी अडचण अधिक खोलवरची होती. शहरांत पूर्वीच्याच पुस्तकी शाळा चालू राहिल्या आणि मूलोद्योग शाळा मुख्यतः खेड्यांच्या वाट्याला आल्या. आपल्या मुलांना पुन्हा श्रमाकडेच ढकलले जात आहे, अशी शंका ग्रामीण पालकांना आली, यात नवल नाही. समवायासाठी प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नव्हते. परिणामी अनेक ठिकाणी टकळी राहिली, पण तिच्याभोवतीचे ज्ञान राहिले नाही. सेवाग्राम येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेने या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले.

रयत शिक्षण संस्था : नई तालीमच्याही आधी सातारा जिल्ह्यात श्रम व शिक्षण यांचा वेगळ्या दिशेने मेळ घातला गेला. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय सातारा येथे आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत व सर्व कामे वाटून घेत. गांधीजींनी १९२७ मध्ये या वसतिगृहास भेट दिली, त्या वेळी त्यास छत्रपती शाहू यांचे नाव देण्यात आले. वसतिगृहाच्या खर्चासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. १९४० मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात ‘कमवा व शिका’ हे तत्त्व माध्यमिक स्तरावर अंमलात आले व पुढे महाविद्यालयांतही नेण्यात आले.

येथे विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणासाठी श्रम करीत होता. म्हणून यास काटेकोर अर्थाने सेवाधिष्ठित शिक्षण म्हणता येणार नाही. तथापि त्यामुळे एक मूलभूत अट स्पष्ट झाली. ज्या गरीब मुलाला शाळेचे दारच बंद होते, त्याला श्रमाने ते दार उघडून दिले. श्रमाची दिशा विद्येकडे जाणारी असल्याने त्यात हीनतेची भावना उरली नाही. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, महार अशा सर्व मुलांनी एकच काम केल्याने जातीनुसार कामाची विभागणी वसतिगृहापुरती तरी संपुष्टात आली. याच सुमारास अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले साने गुरुजी (१८९९–१९५०) छात्रालयातील मुलांची कामे स्वतः करून त्यांच्यावर सेवेचा संस्कार करीत होते. शिक्षकाने स्वतः हात घातल्याशिवाय विद्यार्थ्याला सेवा शिकविता येत नाही, हे या प्रयत्नांतील समान सूत्र होय.

ग्रामशिक्षण मोहीम : महाराष्ट्रात शाळेने गावासाठी केलेल्या कामाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणजे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम. प्राथमिक शिक्षकांनी व सुशिक्षित ग्रामस्थांनी, कोठे कोठे शाळकरी मुलांच्याही मदतीने, गावातील निरक्षर प्रौढांना विनावेतन लिहिण्या-वाचण्यास शिकविले. सर्व गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होत असे. पुढे ही मोहीम राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरली. तिचा उत्साह मोठा होता. परंतु नवसाक्षरांच्या वाचनाची पुढील सोय अपुरी राहिल्याने बऱ्याच ठिकाणी मिळविलेले अक्षरज्ञान पुसट झाले. सेवेचा आरंभ समारंभाने होऊ शकतो, पण तिची फलश्रुती पाठपुराव्यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष यावरून निघतो.

अभ्यासक्रमातील स्थान : डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव व समाजसेवा हे शिक्षणाच्या सर्व स्तरांवरील अविभाज्य घटक असावेत, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक (१९०७–८१) यांना कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या ग्रामीण शैक्षणिक प्रयोगाचा प्रत्यक्ष अनुभव होता. २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पुढे ती उच्च माध्यमिक स्तरावरही आली. १९७७ मध्ये नेमलेल्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा पुढे आणली आणि अशा कार्याला अभ्यासक्रमात मध्यवर्ती स्थान देण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभव व समाजसेवा यांच्या तासिका आल्या. परंतु या विषयांना परीक्षेच्या गुणांऐवजी श्रेणी मिळे व ती शाळेतच दिली जाई. त्यामुळे शालान्त परीक्षेच्या दडपणाखाली या तासिका गणित वा इंग्रजीकडे वळविल्या जाऊ लागल्या. खडू, मेणबत्त्या व कागदी फुले तयार करणे, वर्षातून एकदा श्रमदान करणे आणि त्याची वही पूर्ण करणे एवढ्यावर काम आटोपले जाई. गावाला खडूची वा कागदी फुलांची गरज आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. विषयाला मान्यता मिळाली, पण त्याचा आशय हरपला, असे या कालखंडाचे वर्णन करता येईल.

पाबळ येथील प्रयोग : या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा प्रयोग उल्लेखनीय ठरतो. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये, पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून, हा आश्रम स्थापन केला. येथे विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमास राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने मान्यता दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग असून आठवड्यातून एक दिवस त्यासाठी दिला जातो. लोखंडाची जोडणी, माती-परीक्षण, रोपवाटिका, रक्तगट व हिमोग्लोबिन तपासणे यांसारखी कामे विद्यार्थी शिकतात आणि ती सेवा म्हणून गावाला पुरवितात. निदेशक शक्यतो परिसरातील कुशल व्यक्तींतून घेतले जातात.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की येथे कामाचा दर्जा ग्राहक ठरवितो. रक्तगट चुकला किंवा फाटकाची बिजागरी बसली नाही, तर ती चूक वहीत लपत नाही. त्यामुळे अचूकतेचे महत्त्व विद्यार्थ्यास उपदेशाशिवाय कळते. नई तालीममध्ये एकाच उद्योगावर भर होता. पाबळ येथे अनेक कौशल्यांवर भर देऊन बदलत्या तंत्रज्ञानाचाही अंतर्भाव करण्यात आला. विषय परीक्षेच्या चौकटीत असल्याने तो वेळापत्रकात टिकून राहिला, हेही त्याच्या यशाचे एक कारण होय.

स्थानिक संदर्भ : सेवाधिष्ठित शिक्षणाचा आशय प्रत्येक गावी वेगळा असतो. वडखळ परिसराचे उदाहरण घेता येईल. धरमतर खाडीच्या काठची खारभूमी समुद्राच्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेली आहे. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन पुढील काही हंगाम नापीक होते. या बांधांच्या संरक्षणासाठी राज्यात १९४८ व १९७९ मध्ये कायदे झाले. या भागातील माध्यमिक शाळेला अशा बांधात जवळजवळ सारा अभ्यासक्रम सापडू शकतो. भरतीच्या वेळा व चंद्रकला यांचा संबंध हा भूगोल; बांधाच्या समलंब छेदाचे क्षेत्रफळ व लागणाऱ्या मातीचे घनफळ हे गणित; ठरावीक मापाचे पाणी आटवून उरलेले मीठ तोलणे हे रसायनशास्त्र; तिवरांची नोंद हे जीवशास्त्र; खोती, कुळे व चरीचा संप हा इतिहास; आणि वृद्ध शेतकऱ्यांकडून जुन्या खांडींची हकीकत लिहून घेणे हा भाषेचा अभ्यास होय. यातून बांधाच्या कमकुवत जागांचा नकाशा तयार करून तो ग्रामपंचायतीला दिल्यास गावाची एक खरी गरज भागते.

सेवेची मर्यादाही याच उदाहरणातून दिसते. बांध दुरुस्त करणे ही शासनाची व संबंधित यंत्रणेची जबाबदारी आहे. त्यासाठी मुलांकडून मातीची घमेली वाहून घेणे म्हणजे श्रमदानाच्या नावाखाली मजुरीचा खर्च वाचविणे होय. विद्यार्थ्याने मोजणी करावी, कारण शोधावे, गावापुढे मांडावे आणि जबाबदारी कोणाची हे समजून घ्यावे. नागरिकत्वाचे शिक्षण याहून वेगळे नसते.

मूल्यमापन : २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात राज्यातील अनेक शाळा सहभागी झाल्या. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने काम व ज्ञान यांचा सांधा जोडण्यावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इयत्ता सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवसांच्या दप्तराविना शिक्षणाची व स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. अशा तरतुदींचे यश दिवसांच्या संख्येवर अवलंबून नाही, हे गेल्या शतकाच्या अनुभवावरून म्हणता येते.

या अनुभवातून चार अटी निष्पन्न होतात. काम गावाच्या खऱ्या गरजेतून आलेले असावे. ते शिकत असलेल्या विषयाशी जोडलेले असावे. त्याची जबाबदारी शिक्षकाने स्वतः सहभागी होऊन घ्यावी. आणि ते सर्व मुलांच्या वाट्याला सारखे यावे. यांतील चौथी अट सर्वाधिक दुर्लक्षित व सर्वाधिक महत्त्वाची आहे. शाळेची झाडलोट विशिष्ट जातीच्या मुलांनी, पाणी भरण्याचे काम मुलींनी आणि भाषणे इतरांनी करावीत, अशी वाटणी जेथे होते, तेथे सेवेच्या तासिकेत विषमतेचाच पाठ गिरविला जातो. ज्या मुलाच्या घरी अंगमेहनत रोजचीच आहे, त्याला शाळेत आधी पुस्तक मिळाले पाहिजे; ज्याच्या हाताला मातीचा स्पर्श नाही, त्याच्या हाती घमेले येण्यास हरकत नाही. दोघांनी मिळून एकाच बांधाची मोजणी केली, म्हणजे फुले यांनी १८८२ मध्ये अपेक्षिलेला, नांगराची व लेखणीची सारखीच ओळख असलेला नागरिक घडू शकतो. वेठ आणि सेवा यांत कष्टांचे प्रमाण कदाचित सारखेच असेल. काम करणाऱ्याला ते का करावयाचे हे ठाऊक असणे आणि ते नाकारण्याचे स्वातंत्र्य असणे, हाच त्या दोहोंतील फरक होय.